नव्या यकृतात जुना विषाणू

हिपॅटायटीस बीच्या विषाणूने निकामी केलेले यकृत शस्त्रक्रियेत पूर्ण काढून टाकतात आणि त्या जागी निरोगी यकृत बसवतात. दुखणे जिथे होते तो अवयवच गेला, तेव्हा दुखणेही जायला हवे, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात पुढचा बंदोबस्त केला नाही, तर बहुतेक रुग्णांच्या नव्या यकृतात तोच विषाणू काही आठवड्यांत किंवा महिन्यांत पुन्हा सापडतो. बंदोबस्त करूनही काही जणांत तो परततो. अशा वेळी त्याच्या रचनेत बहुधा एखादा नेमका बदल झालेला असतो, आणि तेवढ्या एका बदलामुळे त्याच्यावर रोखलेले औषध निरुपयोगी ठरते. अशा बदलाला उत्परिवर्तन म्हणतात. ते कसे घडते आणि त्याला आवर कसा घालता येतो, हे कळले की प्रत्यारोपणानंतर रुग्णाला जन्मभर गोळ्या का घ्याव्या लागतात, याचाही उलगडा होतो.

नांदेड-लातूरची पांढरी कावीळ

मराठवाड्यात हिपॅटायटीस बीला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. ती असल्याचे अनेकांना योगायोगानेच कळते: रक्तदानाच्या वेळी, गरोदरपणातल्या तपासणीत किंवा हर्नियासारख्या साध्या शस्त्रक्रियेआधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2022 साली भारतात सुमारे 2 कोटी 98 लाख लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. त्यांतल्या बहुतेकांना त्याची कल्पना नाही.

लागण कोणत्या वयात झाली, यावर पुढचे बरेचसे ठरते. धडधाकट प्रौढाला लागण झाली, तर शंभरातले पंचाण्णव जण काही महिन्यांत आपोआप बरे होतात. काविळीवर गळ्यात घातलेली माळ किंवा नाकात सोडलेले झाडपाल्याचे औषध ‘लागू पडले’ असे वाटते, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असते. आईकडून नवजात बाळाला लागण झाली, तर चित्र नेमके उलटे होते. अशा शंभर बाळांपैकी नव्वदांच्या शरीरात विषाणू कायमचा राहतो. तो वीस-तीस वर्षे काहीही त्रास देत नाही. मग चाळिशीच्या आसपास एखाद्या दिवशी पोट फुगते, पायांवर सूज येते, कधी थेट रक्ताची उलटीच होते. तोवर यकृताचा मोठा भाग कडक, गाठाळ झालेला असतो. हाच सिरॉसिस. काही रुग्णांत त्यातून यकृताचा कर्करोगही होतो.

निदान आणि औषधोपचार नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत होऊ शकतात. प्रत्यारोपणासाठी मात्र रुग्ण हैदराबाद, पुणे किंवा मुंबई गाठतात. ‘यकृत प्रत्यारोपण’ हे शब्द लातूर जिल्ह्यात घरोघर पोहोचले ते ऑगस्ट 2012 मध्ये. यकृत आणि मूत्रपिंड दोन्ही निकामी झालेल्या माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुखांना मुंबईहून चेन्नईला हलवले होते. प्रत्यारोपण होण्याआधीच 14 ऑगस्टला त्यांचे निधन झाले. त्यांच्या आजाराचा या लेखातल्या विषाणूशी संबंध जोडण्याचे कारण नाही. पण असा अवयव मिळायला किती थोडा वेळ हाती असतो, हे त्या आठवड्याने सगळ्यांना दाखवले.

विषाणू यकृतात काय करतो

हिपॅटायटीस बीचा एक पूर्ण कण सुमारे 42 नॅनोमीटरचा असतो, म्हणजे एका मिलिमीटरात असे जवळपास चोवीस हजार कण शेजारी शेजारी मावतील. कणाच्या आत डीएनएचे छोटे कडे असते. सजीवांच्या जडणघडणीच्या सूचना डीएनएमध्ये चार रासायनिक अक्षरांत लिहिलेल्या असतात. माणसाच्या डीएनएत अशी सुमारे तीनशे कोटी अक्षरे आहेत, तर या विषाणूच्या कड्यात फक्त 3,200च्या आसपास. एवढ्याशा मजकुरावर तो माणसाच्या शरीरात पन्नास वर्षे टिकून राहू शकतो.

विषाणूच्या बाहेरच्या आवरणावर एक प्रथिन असते. रक्ततपासणीच्या अहवालात ‘एचबीएसएजी’ असे लिहिलेले असते ते हेच. या आवरणाच्या आधारे विषाणू यकृताच्या पेशीवरच्या एका विशिष्ट प्रथिनाला चिकटतो. पित्तातली आम्ले पेशीत ओढून घेणे हे त्या प्रथिनाचे नेहमीचे काम. विषाणू त्याच वाटेने आत शिरतो, हे 2012 मध्ये चीनमधल्या संशोधकांनी दाखवून दिले. आत गेल्यावर त्याचा डीएनए पेशीच्या केंद्रकात पोहोचतो आणि तिथे एक बंद, पक्के कडे बनून राहतो. आजची कोणतीही गोळी या कड्यापर्यंत पोहोचून ते नष्ट करू शकत नाही. औषधांनी रक्तातला विषाणू दिसेनासा होतो. कडे जागेवरच राहते. पुढे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अडचणीचे मूळ या एका गोष्टीत आहे.

या कड्यावरून विषाणूच्या नव्या प्रती निघतात, त्या आडवळणाने. आधी आरएनए नावाची मधली प्रत तयार होते आणि तिच्यावरून पुन्हा डीएनए लिहिला जातो. हे लिहिण्याचे काम पॉलिमरेज नावाचे विकर करते. (शरीरातली रासायनिक कामे घडवून आणणाऱ्या प्रथिनाला विकर म्हणतात.) माणसाच्या पेशीत डीएनएची नक्कल होताना चुका तपासून दुरुस्त करण्याची सोय असते. विषाणूच्या पॉलिमरेजकडे ती नाही. दर लाखभर अक्षरांमागे त्याची साधारण एक चूक होते आणि तशीच राहते.

लाखात एक चूक ऐकायला क्षुल्लक वाटते. पण विषाणू जोरात असलेल्या रुग्णाच्या शरीरात दिवसाला सुमारे दहा हजार कोटी नवे कण तयार होतात. प्रत्येकात 3,200 अक्षरे धरली, तर तीसेक कणांमागे एकात कुठे ना कुठे एखादे अक्षर बदललेले असते. म्हणजे रोज तीनशे कोटींहून अधिक बदललेले कण. आता 3,200 जागी प्रत्येकी तीनच पर्यायी अक्षरे येऊ शकतात, म्हणजे एका अक्षराचे शक्य असलेले बदल सगळे मिळून 9,600. हिशेब ढोबळ आहे, पण त्यातून एक पक्की गोष्ट निघते: एका अक्षराचा शक्य असलेला प्रत्येक बदल अशा रुग्णाच्या शरीरात रोजच्या रोज, लाखो वेळा घडून जातो. ‘औषधामुळे विषाणू बदलला’ असे सर्रास म्हटले जाते. खरे तर बदललेला विषाणू औषधाच्या आधीपासूनच तिथे असतो. बदलामुळे तो बहुधा थोडा दुबळा झालेला असल्याने गर्दीत मागे पडलेला असतो, इतकेच. औषध बाकीच्यांना संपवते आणि त्याला मोकळे रान मिळते.

यकृत काढले तरी तो उरतो कुठे

शस्त्रक्रियेच्या दिवशीही रुग्णाच्या रक्तात विषाणू फिरत असतो. प्लीहा, लसिका गाठी आणि पांढऱ्या रक्तपेशी यांतही त्याचा अंश सापडतो. जुने यकृत काढले आणि नव्या यकृतात रक्त सोडले, की उरलेले कण पहिल्या काही तासांतच निरोगी पेशींपर्यंत पोहोचतात. या पेशींना विषाणूचा कधी स्पर्शही झालेला नसतो.

त्यात प्रत्यारोपणाची औषधे भर घालतात. परक्या यकृतावर शरीराने हल्ला करू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टिरॉइड अशी औषधे देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबावी लागते. विषाणूला रोखणारी शक्तीही तीच. शिवाय स्टिरॉइडला प्रतिसाद देणारा एक तुकडा या विषाणूच्या डीएनएतच आहे. स्टिरॉइड मिळाले की त्याची वाढ वेग घेते.

एरवी हिपॅटायटीस बीमध्ये यकृताचे नुकसान मुख्यतः शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारामुळे होते: विषाणू असलेल्या पेशी प्रतिकारयंत्रणाच मारून टाकते. प्रत्यारोपणानंतर ही यंत्रणा थंडावलेली असते, तरीही काही रुग्णांचे नवे यकृत झपाट्याने बिघडते. पेशींमध्ये विषाणूची प्रथिने इतकी साचतात की पेशी त्या ओझ्यानेच मरतात, पित्त तुंबते आणि काही आठवड्यांत यकृत हातचे जाते. लंडनच्या डॉक्टरांनी 1991 मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. तेव्हा तिच्यावर उपाय नव्हता. त्यामुळे त्या काळात हिपॅटायटीस बीच्या रुग्णाला यकृत द्यावे की नाही, असाच प्रश्न अनेक केंद्रांत विचारला जाई. मिळालेले यकृत दुसऱ्या रुग्णाला अधिक काळ उपयोगी पडले असते, हा त्यामागचा हिशेब क्रूर वाटला तरी निराधार नव्हता.

बाहेरून दिलेली प्रतिपिंडे

हा प्रश्न मागे पडला तो प्रतिपिंडांमुळे. शरीर परक्या वस्तूला चिकटून तिला निकामी करणारी जी प्रथिने तयार करते, त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. हिपॅटायटीस बीविरुद्धची प्रतिपिंडे ज्यांच्या रक्तात भरपूर आहेत, अशा लोकांच्या रक्तद्रवातून ती वेगळी काढून इंजेक्शन बनवतात. त्याला हिपॅटायटीस बी इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. जुने यकृत निघाले आहे आणि नवे अजून जोडलेले नाही, त्या मधल्या वेळात याचा मोठा डोस, प्रचलित पद्धतीत 10,000 एकक, शिरेतून देतात. पुढे आठवडाभर रोज आणि मग ठरावीक अंतराने. प्रतिपिंडे विषाणूच्या आवरणाला चिकटली की त्याला पेशीत शिरता येत नाही.

याचा परिणाम किती, हे 1993 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले. युरोपातल्या 17 केंद्रांतल्या 372 रुग्णांची माहिती त्यात होती. प्रतिपिंडे न दिलेल्यांत किंवा दोनच महिने दिलेल्यांत, तीन वर्षांत चारांपैकी तिघांचा आजार परतला. सहा महिन्यांहून अधिक काळ दिलेल्यांत हे प्रमाण 36 टक्क्यांवर आले. याच अभ्यासातली दुसरी गोष्ट कमी सांगितली जाते, पण ती तितकीच महत्त्वाची आहे. प्रत्यारोपणाच्या वेळी ज्यांच्या शरीरात विषाणू कमी होता, त्यांच्यात आजार कमी परतला. अचानक झालेल्या तीव्र हिपॅटायटीस बीमुळे यकृत गेलेल्यांत हे प्रमाण 17 टक्के होते, तर वर्षानुवर्षांच्या सिरॉसिसच्या रुग्णांत 67 टक्के. शत्रू किती उरला, यावर निकाल ठरत होता.

145 क्रमांकाची जागा

तरीही तिघांतल्या एकाचा आजार परतत होता. काही रुग्णांत प्रतिपिंडांचे प्रमाण पुरेसे ठेवूनही विषाणू वाढताना दिसे. त्याचे आवरण तपासले, तेव्हा एक ठरावीक बदल वारंवार आढळू लागला.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्ले नावाच्या छोट्या घटकांची लांब साखळी. विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाची साखळी एका ठिकाणी वळसे घेऊन बाहेर डोकावते. साधारण 124 ते 147 क्रमांकांच्या घटकांचा हा भाग प्रतिपिंडे ओळखतात आणि तिथेच चिकटतात. त्यातल्या 145व्या जागी ग्लायसीन असते, सर्व अमिनो आम्लांत सर्वांत लहान. डीएनएतले एक अक्षर बदलले की तिथे आर्जिनीन येते: आकाराने मोठे आणि विद्युतभार असलेले. त्याने वळशाचा आकार बदलतो आणि प्रतिपिंडाला नीट चिकटता येत नाही. पेशीत शिरण्याची विषाणूची क्षमता मात्र शाबूत राहते.

हा बदल आधी प्रत्यारोपणात सापडला नव्हता. इटलीत, बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या आणि जन्मतःच लस व प्रतिपिंडे दोन्ही मिळालेल्या एका बाळाच्या रक्तात तो आढळला. 1990 मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. लस आणि प्रतिपिंडे विषाणूचा तोच भाग लक्ष्य करतात, म्हणून दोन्हींपासून सुटका करून देणारा बदलही एकच निघाला. असा विषाणू लसीकरणाच्या मुळावर येईल अशी तेव्हा भीती होती. ती खरी ठरली नाही. हा विषाणू मूळ विषाणूपेक्षा दुबळा असतो आणि प्रतिपिंडांचा दाब सतत नसेल तर मागे पडतो. प्रत्यारोपणाच्या रुग्णांतही इम्युनोग्लोब्युलिन थांबवले, की काही काळाने मूळ विषाणूच पुन्हा वरचढ झालेला दिसतो.

या बदलाचा आणखी एक उपद्रव आहे. एचबीएसएजीची तपासणीही प्रतिपिंडांच्याच आधारे होते. त्यामुळे 145चा बदल असलेला विषाणू काही चाचण्यांतून निसटतो आणि अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो. प्रत्यारोपणानंतर फक्त एचबीएसएजीवर भरवसा ठेवत नाहीत, विषाणूचा डीएनएही मोजतात, तो यासाठीच.

┌─────────────
अहवाल वाचताना

एचबीएसएजी: विषाणूच्या आवरणाचे प्रथिन. ते असले म्हणजे विषाणू शरीरात आहे. प्रत्यारोपणानंतर ते पुन्हा दिसले की आजार परतला असे धरतात, यकृत अजून ठणठणीत असले तरी.

अँटी-एचबीएस: त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे. लस घेतलेल्याच्या रक्तात ती स्वतःची असतात. प्रत्यारोपणाच्या रुग्णात ती बहुधा इंजेक्शनातून आलेली असतात आणि हळूहळू कमी होत जातात.

अँटी-एचबीसी: विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती याची खूण. लसीने ती येत नाही.

एचबीव्ही डीएनए: रक्तातल्या विषाणूची प्रत्यक्ष मोजणी. औषध लागू पडते आहे की नाही, हे सर्वांत आधी यावरून कळते.
└─────────────

लॅमिव्हुडिन आणि 204

अमेरिकेत 1998 मध्ये लॅमिव्हुडिन या गोळीला हिपॅटायटीस बीसाठी मान्यता मिळाली. एचआयव्हीसाठी ती आधीपासून वापरात होती. ती दिसायला डीएनएच्या चार अक्षरांपैकी एकासारखी असते. पॉलिमरेज नवा डीएनए लिहिताना खऱ्या अक्षराऐवजी ती उचलते आणि तिच्यापुढे दुसरे अक्षर जोडता येत नाही. नक्कल तिथेच थांबते. गोळी तोंडाने घ्यायची, स्वस्त, दुष्परिणाम फारसे नाहीत. प्रत्यारोपणाआधी ती सुरू केली की रक्तातला विषाणू उतरत असे, आणि 1993च्या अभ्यासाने नेमके तेच हवे असल्याचे दाखवले होते.

अडचण पॉलिमरेजच्या 204व्या जागी निघाली. तिथे मेथिओनीन असते. एका अक्षराच्या बदलाने तिथे व्हॅलीन किंवा आयसोल्युसीन येते. डीएनएच्या प्रत्येक अक्षराला साखरेचा एक भाग जोडलेला असतो, तसा तो लॅमिव्हुडिनलाही असतो. या दोन्ही अमिनो आम्लांची बाजूची फांदी लॅमिव्हुडिनच्या साखरेला आडवी येते. खऱ्या अक्षराची साखर वेगळ्या बाजूला वळलेली असल्याने तिला अडथळा होत नाही. म्हणजे बदललेले पॉलिमरेज खरे अक्षर घेते आणि बनावट अक्षर नाकारते. लॅमिव्हुडिन एकटेच घेणाऱ्या रुग्णांत असा विषाणू पहिल्या वर्षात साधारण 20 टक्क्यांत, तर पाच वर्षांत 70 टक्क्यांच्या आसपास वरचढ होतो.

भारतात ही गोळी स्वस्त म्हणून वर्षानुवर्षे दिली गेली. त्यामुळे प्रत्यारोपणासाठी आलेल्या रुग्णाने पूर्वी लॅमिव्हुडिन घेतले होते का, हा प्रश्न आजही महत्त्वाचा आहे. पुढच्या पिढीतले एन्टेकॅव्हिर नव्या रुग्णात उत्तम चालते: पाच वर्षांत त्याला दाद न देणारा विषाणू जेमतेम एका टक्क्यात सापडतो, कारण त्याला चकवायला तीन बदल एकत्र लागतात. लॅमिव्हुडिनला सरावलेल्या विषाणूने त्यातली दोन पावले आधीच टाकलेली असतात. अशा रुग्णांत पाच वर्षांत निम्म्या जणांत एन्टेकॅव्हिरही निकामी होते. जुनी चिठ्ठी, जुन्या गोळ्यांचे रिकामे पाकीट, जे काही घरात असेल ते डॉक्टरांना दाखवण्याजोगे असते.

दोन अडथळे एकदम

1990च्या दशकाच्या अखेरीस इम्युनोग्लोब्युलिन आणि गोळी एकत्र देऊ लागले आणि आजार परतण्याचे प्रमाण दहा टक्क्यांखाली गेले. आधीचा हिशेब पुढे नेला, की यामागचे कारण दिसते. एक ठरावीक बदल लाखात एकदा होत असेल, तर दोन ठरावीक बदल एकाच कणात येण्याची शक्यता एक हजार कोटींत एक. विषाणू मोकाट असताना रोज दहा हजार कोटी कण निघतात, म्हणजे असे दहाएक कण रोज जन्मतील. पण गोळीने रोजची पैदास एक कोटीवर आणली, तर तसा एक कण निघायला हजार दिवस लागतील. एकटी प्रतिपिंडे किंवा एकटी गोळी जे करू शकत नव्हती, ते दोघांनी मिळून साधले.

हा हिशेब दोन बदल एकमेकांशी संबंध नसलेले आहेत असे धरून चालतो. या विषाणूत ते पूर्णतः खरे नाही.

एकच मजकूर, दोन वाचने

मोडी लिपीत शब्द तोडून लिहीत नसत. ओळ सलग धावायची आणि शब्द कुठे संपवायचा हे वाचणाऱ्याने ठरवायचे. एकच ओळ दोन वेगळ्या ठिकाणांपासून तोडत गेले, आणि दोन्ही वेळा अर्थ लागला, तर जसे होईल तसे या विषाणूच्या डीएनएत खरोखर आहे. डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. एका ठिकाणापासून गट पाडले की पॉलिमरेजची कृती मिळते. मधल्या काही भागात, एका अक्षराने सरकून गट पाडले, की त्याच अक्षरांतून आवरणाच्या प्रथिनाची कृती निघते. 3,200 अक्षरांत एवढा संसार कसा मावतो, त्याचे हे उत्तर.

यामुळे त्या भागातले एक अक्षर बदलले, की बहुधा दोन्ही प्रथिने बदलतात. पॉलिमरेजच्या 204व्या जागी व्हॅलीन आणणारा बदल आवरणाच्या 195व्या जागीही फरक करतो, आणि सोबत आणखी बदल असतील तर प्रतिपिंडे विषाणूला कमी घट्ट चिकटतात. म्हणजे गोळीपासून सुटताना विषाणूला प्रतिपिंडांपासूनही थोडी सवलत मिळू शकते. उलट बाजूने, आवरणातला 145चा बदल पॉलिमरेजच्या 153व्या जागी उमटतो. लॅमिव्हुडिनला न जुमानणारा विषाणू एरवी संथ वाढतो. त्याला या बदलाची जोड मिळाली की वाढीचा गमावलेला वेग काही अंशी भरून निघतो, असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासात दिसले.

हीच रचना विषाणूला अडचणीतही आणते. एका प्रथिनाला फायद्याचा बदल दुसऱ्याला घातक ठरला, तर तो कण टिकत नाही. म्हणून रोज सगळे बदल घडूनही रुग्णांमध्ये तेच ते मोजके बदल सापडतात. डॉक्टरांना कोणत्या जागांवर लक्ष ठेवायचे हे ठाऊक असते ते यामुळेच.

आजची पद्धत

आज एन्टेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर ही औषधे मुख्य आहेत. टेनोफोव्हिरला दाद न देणारा विषाणू तयार होणे इतके अवघड आहे की मान्यतेसाठी झालेल्या अभ्यासांत आठ वर्षांच्या पाठपुराव्यातही तो सापडला नाही. औषधे अशी भक्कम झाल्यावर महागड्या इम्युनोग्लोब्युलिनची गरज किती काळ, हा प्रश्न आला. हाँगकाँगमध्ये 265 रुग्णांना ते अजिबात न देता फक्त एन्टेकॅव्हिरवर ठेवले. आठ वर्षांनी तपासलेल्यांपैकी कोणाच्याही रक्तात विषाणूचा डीएनए सापडला नाही. अनेक केंद्रांत आता इम्युनोग्लोब्युलिन थोडे दिवसच देतात. प्रत्यारोपणाच्या वेळी डीएनए जास्त असलेला, एचआयव्ही किंवा हिपॅटायटीस डी (डेल्टा) विषाणूचीही लागण असलेला, किंवा गोळ्यांत खाडे करणारा रुग्ण असेल, तर ते अधिक काळ चालू ठेवतात.

गोळी मात्र जन्मभर. रक्तात काही सापडत नसले, तरी नव्या यकृताच्या काही पेशींत विषाणूचे ते पक्के कडे असू शकते. गोळी बंद झाली की त्यावरून पुन्हा प्रती निघू लागतात. मध्येच चार दिवस चुकवून पुन्हा सुरू करणे हेही वाईट: विषाणूला वाढायला वेळ मिळतो आणि औषध पुरेसे नसतानाच्या त्या काळात बदललेल्या कणांची निवड होते.

घरी परतल्यावर

नांदेडहून हैदराबाद पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे. तपासणीला जाणे म्हणजे घरच्या दोघांची मजुरी किंवा शेतातले दोन दिवस बुडणे. म्हणून कोणती गोष्ट खरोखर टाळता येत नाही, हे रुग्णाला माहीत असायला हवे. विषाणूचा डीएनए आणि यकृताची तपासणी ठरलेल्या वेळी झालीच पाहिजे, कारण विषाणू परतला तरी पहिले काही आठवडे काहीच दुखत नाही. टॅक्रोलिमसची पातळी मोजायची असेल, तर सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यायचे. गोळी घेऊन गेले की आकडा फुगलेला येतो आणि डोस चुकतो. एन्टेकॅव्हिर उपाशीपोटी, जेवणानंतर दोन तासांनी आणि पुढच्या जेवणाआधी दोन तास घ्यायचे. टॅक्रोलिमस मूत्रपिंडावर ताण आणते, टेनोफोव्हिरचा जुना प्रकारही आणतो. म्हणून मूत्रपिंड नाजूक असेल तर टेनोफोव्हिरचा नवा प्रकार किंवा एन्टेकॅव्हिर निवडतात. इम्युनोग्लोब्युलिन चालू असेल तर त्याची बाटली 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. मे महिन्यात पारा 42 अंशांपुढे गेलेला असताना औषध दुकानातून बर्फाच्या पिशवीशिवाय आणलेली बाटली खात्रीची राहत नाही. एकादशी असो की रोजा, गोळीची वेळ कशी सांभाळायची हे आधी डॉक्टरांशी बोलून ठरवावे. आणि काविळीचे झाडपाल्याचे औषध या गोळ्यांच्या जोडीने घेणे धोक्याचे आहे. त्याने टॅक्रोलिमसची पातळी कमी-जास्त होऊ शकते.

28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात हिपॅटायटीस बीची तपासणी आणि औषधे सरकारी रुग्णालयांतून मोफत मिळतात. प्रत्यारोपणापर्यंत वेळ येऊ नये यासाठी हाच सर्वांत मोठा आधार आहे. सिरॉसिस होण्याआधी योग्य वेळी सुरू झालेली गोळी बहुतेकांना शस्त्रक्रियेपासून दूर ठेवते.

दाता घरातलाच असेल तर

भारतात बहुतांश यकृत प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून, म्हणजे नातेवाइकाच्या यकृताचा भाग घेऊन होतात. हिपॅटायटीस बीच्या कुटुंबात यात वेगळीच अडचण येते. रुग्णाला लागण आईकडून झाली असेल, तर भावंडांनाही झालेली असू शकते. दाता म्हणून पुढे आलेल्या भावाच्या तपासणीतच त्याचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघतो, आणि मग पत्नी किंवा मुलगा-मुलगी यांच्याकडे पाहावे लागते. घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि निगेटिव्ह असलेल्यांचे लसीकरण आधीच झालेले असेल, तर ऐन वेळी हे समोर येत नाही.

कधी दात्याचा एचबीएसएजी निगेटिव्ह असतो, पण अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह येते. म्हणजे त्याला पूर्वी लागण होऊन तो बरा झालेला असतो. त्याची प्रकृती उत्तम असते, पण यकृताच्या काही पेशींत विषाणूचे ते पक्के कडे शिल्लक असू शकते. दात्याची प्रतिकारशक्ती त्या कड्याला दाबून ठेवते. प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णाच्या शरीरात गेल्यावर ते जागे होऊ शकते. तेव्हा दारूमुळे किंवा अन्य कारणाने यकृत गेलेल्या रुग्णालाही, ज्याला हिपॅटायटीस बी कधीच नव्हता, नव्या यकृतातून तो होऊ शकतो. असे यकृत नाकारायचे नाही, असा आता बहुतेक केंद्रांचा निर्णय असतो. ते घेतलेल्या रुग्णाला पहिल्या दिवसापासून विषाणूरोधक गोळी सुरू करतात आणि ती पुढेही चालू ठेवतात.